आईचा खर्ज

प्रिय देवेश,

इथून तिकडे परतणाऱ्या स्टॅनीने हे पाकीट हातात दिलं की लगेच फोडू नकोस. आधी सुकेळीचा डबा उघड, आपल्याच वाडीतली वाळवलेली केळी आहेत, दोन-तीन खा आणि मग बसून वाच. उभ्याने वाचू नकोस. घरी सगळे बरे आहेत, कोणी आजारी नाही, वाडी जागेवर आहे, केळी वाऱ्याने पडलेली नाहीत. हे आधीच सांगते, कारण मी तुला हाताने पत्र लिहिलंय एवढ्यावरूनच तू घाबरशील. फोनवर सांगितलं असतं, पण तू व्हिडिओ कॉल केलास की आई शेजारी असतात आणि अण्णा मागून डोकावत असतात. मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. टाईप केलेली ही गोष्ट खोटी वाटत होती. खरं तर मला स्वतःलाच ती अजून पुरती खरी वाटत नाही. दिवाळीनंतरच्या त्या रविवारपासून मी भांबावल्यासारखी फिरतेय. परवा चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि अण्णांनी तो चहा मुकाट्याने पिऊन टाकला. यावरून त्यांची काय अवस्था आहे तेही तू समज.

देवेश, तुझी आई गाते.

गुणगुणतात असं नाही म्हणत मी. देवापुढे आरती म्हणतात असंही नाही. आठवून बघ, आरतीला त्या फक्त टाळ्या वाजवतात. मी सांगतेय ते गाणं म्हणजे सभागृहातल्या शेवटच्या खुर्चीवरचा माणूस ताठ बसावा असं गाणं. आपण ज्यांना 'घसा नाजूक आहे त्यांचा' म्हणून आल्याचे तुकडे देत आलो, ज्यांच्याशी फोनवर बोलताना तू दर वेळी 'आई, मोठ्याने बोल, ऐकू येत नाही' म्हणून ओरडतोस आणि त्या फोन माझ्याकडे देतात, त्याच. त्यांचा घसा नाजूक नाही रे. त्यांचा घसा म्हणजे काय आहे हे मी ऐकलंय.

नीट क्रमाने सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

आमच्या किनारा गायनवृंदाला यंदा पंचवीस वर्षं होतात, हे तुला माहीत आहे. युजीन सरांनी त्यासाठी मोठा हंगाम आखलाय. पहिला कार्यक्रम नाताळच्या आधीच्या शनिवारी वसईत, मग जानेवारीत विरारला आणि पालघरला, आणि शेवटचा फेब्रुवारीत मुंबईत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या माणसाला दुसरा विचारच नाही. या हंगामासाठी त्यांनी स्वतः एक नवी रचना बांधली आहे. खाडीकाठी उभ्या असलेल्या बाईचं गाणं आहे ते. बाकी सगळा वृंद मागे पाण्यासारखा हळूहळू चढत जातो आणि पुढे एकटी बाई गाते. आणि ते एकटीचं गाणं वरच्या आवाजाच्या सोप्रानोसाठी नाही, आल्टोसाठी आहे, बायकांमधल्या खालच्या आवाजासाठी. आजवर एकटीने गायचं काही आलं की ते जुलियानाकडे जायचं, कारण तिचा आवाज वर जातो आणि लोकांना वर जाणारे आवाज आवडतात. लग्न होऊन मी नंदाखालला आले त्याच वर्षी मी वृंदात शिरले. तेव्हापासून मी दुसऱ्या रांगेत डावीकडे उभी आहे. तू एकदा कार्यक्रमाला आला होतास आणि नंतर म्हणालास, 'तू कुठे होतीस? मला दिसलीच नाहीस.' मी हसले होते. हे गाणं हातात आलं तेव्हा मात्र मला वाटलं, आता दिसेन.

पण वृंदात गेली दोन वर्षं कुरबुर चालू होती की सर आपल्या आवडत्या लोकांनाच पुढे करतात. सरांच्या ते जिव्हारी लागलं असावं. त्यांनी जाहीर केलं की यंदा निवड पडद्यामागून होईल. गाणारीने पडद्यामागे उभं राहायचं, नाव सांगायचं नाही. सर आणि मुंबईहून आलेले दोन पाहुणे फक्त कानाने निवडतील. आणि पंचविसावं वर्ष म्हणून वसई तालुक्यातली कोणीही बाई येऊ शकते, वृंदात असलीच पाहिजे असं नाही. मी हे जेवताना घरी सांगितलं. अण्णा म्हणाले, 'म्हणजे आता कोणीही उठून येणार.' आई ताटात भात वाढत होत्या. त्यांनी आपल्या नेहमीच्या त्या कुजबुजत्या आवाजात विचारलं, 'पडद्यामागून म्हंजे गानारी कोनाला दिसनार नाय?' मी म्हटलं, 'नाही.' त्यांनी पुन्हा विचारलं, 'नाव बी नाय?' मी म्हटलं, 'नाव पण नाही, आई.' त्यांनी मान हलवली आणि अण्णांना आमटी वाढली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. घरात एखादी गोष्ट सांगितली की त्या अशाच एक-दोन प्रश्न विचारतात आणि गप्प होतात.

निवडीच्या त्या रविवारी सकाळी त्या माझ्याआधी घराबाहेर पडल्या. हेमांगीकडे गोखिवऱ्याला जाते म्हणाल्या. लेकीकडे जायचं तर फराळाचा डबा घेतल्याशिवाय त्यांचा पाय निघत नाही, आणि त्या दिवशी हात मोकळे होते. हे मला आता आठवतंय. त्या वेळी मी माझ्याच गाण्यात होते, मध घातलेलं कोमट पाणी पीत होते आणि आरशासमोर तोंड उघडून बघत होते.

सभागृह भरलेलं होतं. गाऊन झालं की बाहेर येऊन खुर्च्यांवर बसायचं, असं ठरलं होतं. माझा नंबर लवकर आला. मी बरी गायले. खरंच बरी गायले. फक्त एक जागा आहे, 'ओहोटी' या शब्दावर सूर खाली उतरत जातो, तिथली शेवटची पायरी मला कधीच नीट लागत नाही. माझा आवाज तेवढा खाली पोचत नाही. म्हणून घरी रियाज करताना मी त्या आधीच्या सुरावर थांबायची सवय लावून घेतली होती. आधल्या आठवड्यात सरांनी ते पकडलं. 'मेघना, तू दाराशी येऊन परत जातेस,' म्हणाले. त्या दिवशी मी खाली उतरले, पण आवाज नुसता हवेसारखा निघाला. तरी मी खूश होते. बाहेर येऊन जुलियानाच्या शेजारी बसले. तिने माझा हात दाबला.

मग आणखी काही जणी गायल्या. एक चांगली होती, दोघी मधेच थांबल्या. आणि मग पडद्यामागून एक आवाज आला. देवेश, मला वाटलं पुरुष आहे. सगळ्यांनाच वाटलं. इतका खालचा, इतका भरलेला आवाज की माझ्या पायाखालची लाकडी फळी थरथरतेय असा भास झाला. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी 'चुकून आला वाटतं' असं म्हटलं. मी मात्र ऐकत राहिले, कारण ते गाणं मला ओळखीचं वाटत होतं. गाणं तर सगळ्या जणी तेच गात होत्या. पण श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर जरा रेंगाळायचं, ते सगळं माझं होतं. आणि मग 'ओहोटी' आली. तो आवाज एकेक सूर उतरत गेला आणि शेवटच्या पायरीच्या आधी थांबला. बरोबर तिथे, जिथे मी घरी थांबायचे. माझी चूक, जशीच्या तशी, दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात. माझी ही चूक युजीन सरांखेरीज फक्त आपल्या घराच्या भिंतींना ठाऊक होती.

तेवढ्यात सर म्हणाले, 'माफ करा, हे गाणं बाईच्या आवाजासाठी आहे. पुरुषांसाठी वेगळी निवड आहे पुढच्या आठवड्यात.' पडद्यामागून एक बारीक कुजबुज आली, 'मी बाईच हाय.'

सभागृहात हशा पिकला. वाईट हेतूने नाही हसले कोणी, पण हसले. मी नाही हसले. ती कुजबुज मी रोज ऐकते. 'दूध उतू जातंय,' 'छत्री घेतलीस का,' 'देवेशचा फोन आला का,' असं जी रोज विचारते, ती. जुलियाना विचारत होती, 'काय झालं गं? कोण आहे ती?' मी म्हटलं, 'माझ्या सासूबाई.' तिला वाटलं मी विनोद करतेय.

सर मात्र हसले नव्हते. ते उठून उभे राहिले आणि पडद्याकडे तोंड करून अगदी हळू म्हणाले, 'बाई, तो शेवटचा सूर. त्याच्या खाली जाता येईल का तुम्हाला?' पलीकडून उत्तर म्हणून गाणंच आलं. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तशीच एकेक पायरी. त्या आवाजाने ती शेवटची पायरी ओलांडली, मग तिच्याही खालची, आणि तिथे जाऊन तो नुसता उभा राहिला. त्याने जराही जोर लावला नव्हता. हसणारी माणसं आता पुढे वाकून ऐकत होती. मुंबईचे पाहुणे एकमेकांकडे बघत होते. मी तिथे बसून दोन गोष्टी एकदम समजून घेत होते. एक, की माझ्या घरात इतकी वर्षं असा आवाज होता. आणि दुसरी, की माझं गाणं गेलं.

दुपारी निकाल सांगून सरांनी पडदा बाजूला केला. आई आपली पोपटी साडी नेसून, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्या मागे मागे सरकत होत्या, इतक्या की भिंतीला टेकल्या. त्यांची नजर माझ्यावर पडली. देवेश, घरातली वस्तू आपल्या हातून फुटल्यावर माणूस बघतो ना, तसं बघितलं त्यांनी माझ्याकडे.

रिक्षाने आम्ही घरी आलो. निर्मळच्या तळ्यापाशी त्या म्हणाल्या, 'तुजं काय घेतलं का मी?' मी म्हटलं, 'नाही, आई.' त्या म्हणाल्या, 'मला वाटलं, पडद्यामागे गाऊन परत यायचं. कोनाला कळनार नाय. निवडतील असं मला काय माहीत?' मी विचारलं, 'तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?' त्यांनी बाहेर बघितलं. 'कोनी विचारलंच नाय,' म्हणाल्या. खरंच आहे. आपल्यापैकी कोणीही, कधीही त्यांना विचारलं नव्हतं.

शिकल्या कधी, तेही ऐक. मी ओटीवर रियाज करते तेव्हा त्या मागे वाडीत असतात. मी काय गाते ते त्या ऐकायच्या आणि पाण्याची मोटर चालू केली की तिच्या आवाजात गायच्या. ती जुनी, कानठळ्या बसवणारी मोटर! तू मागच्या सुट्टीत किती मागे लागला होतास, पाण्यात सोडायचा बिनआवाजाचा पंप बसवू म्हणून. आणि आई एरवी कशालाच नाही म्हणत नाहीत, पण त्या मोटरीवरून हट्टाला पेटल्या होत्या, 'जुनीच बरी हाय' म्हणून. आपण दोघं हसलो होतो त्यांना. त्यांना फक्त माझाच भाग येतो असं नाही. वृंदाच्या मागच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज मी घरी लावते, त्यातले चारही आवाज त्यांना येतात. पुरुषांचा खालचा बेससुद्धा. बेस तर फारच छान येतो.

अण्णांना मी घरी आल्यावर सांगितलं. त्यांना वाटलं, आमची काहीतरी मस्करी चालू आहे. 'सुमन गाते? मग गा बघू,' म्हणाले हसत. आई स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या, 'आधी मोटर लावा.' अण्णा हसायचे थांबले. मग निवडीच्या वेळी जुलियानाने केलेलं आणि मला पाठवलेलं रेकॉर्डिंग मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ते ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग पायरीवर जाऊन बसले. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तरी तिथेच होते. मला म्हणाले, 'मेघना, मी हिच्याबरोबर जन्म काढला गं. मला वाटायचं ही अबोल आहे.' दुसऱ्या दिवसापासून मोटर चालू झाली की अण्णा विड्याची पानं खुडायच्या निमित्ताने वाडीत जातात. आईंना ते दिसतात, आणि त्या गात नाहीत. अण्णा तरी जातात. हेमांगीला फोन केला तर ती म्हणाली, 'वहिनी, कोणाची आई? आपली आई?' आणि मग रडायलाच लागली. का रडते ते तिला सांगता येईना.

मंगळवारी युजीन सर घरी आले. आईंनी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सर म्हणाले, 'सुमनताई, असा आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही. हा सगळा हंगाम आता तुमच्याभोवती बांधायचा विचार आहे माझा.' आईंनी बराच वेळ पदर चाळवला आणि मग विचारलं, 'कार्यक्रमात बी पडदा ठेवता येईल का?' सरांना आधी कळलं नाही. त्यांना वाटलं, रंगमंचाच्या पडद्याविषयी विचारतायत. 'पडदा असतोच,' म्हणाले. आई म्हणाल्या, 'तो नाय. मी पडद्यामागून गाईन. लोकांनी समोरून ऐकावं.' सर म्हणाले, 'ताई, लोक तुम्हाला बघायला येतील.' तशी आईंनी मान हलवली. 'मग मेघनालाच द्या ते गानं. ती किती दिवस वाट बघते.'

सर माझ्याकडे वळले. आणि देवेश, मी काहीच बोलले नाही. 'नाही सर, आईच गातील' असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयारही होतं. पण ते गाणं समोर आलं होतं, अगदी हाताशी. मी नुसती गप्प राहिले तरी ते माझं होणार होतं. सर निघताना मला फाटकाशी म्हणाले, 'तुझ्या सासूबाई नाही म्हणाल्या तर तूच गाशील, आणि चांगली गाशील. पण तू त्यांना ऐकलंयस.' बस, एवढंच. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी आईंशी कामापुरतं बोलले. राग होता का? होता. त्यांच्यावर नव्हता, पण होता. इतकी वर्षं तासन्‌तास घासून जो सूर मला लागला नाही, तिथे त्या मांडी घालून बसल्यासारख्या जाऊन बसल्या होत्या, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि त्याहून जास्त एक गोष्ट टोचत होती. ज्यांना देवाने एवढं दिलंय त्यांना पडद्यामागे राहायचंय, आणि मला पुढे यायचंय तर माझ्याकडे तेवढं नाही.

गुरुवारी दुपारी मी वाडीत गेले. आई केळीची वाळलेली पानं कापत होत्या. मी मोटर बंद केली. त्या दचकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, 'आई, कोणी सांगितलं नाही तर तुम्ही ती शेवटची पायरी गाळता. ती चूक माझी आहे. तुम्ही माझं ऐकून शिकलात म्हणून तुम्हाला लागली. ती काढायला पाहिजे.' मी ती ओळ गायले, जमेल तशी, आणि म्हटलं, 'आता तुम्ही.' त्यांनी इकडे तिकडे बघितलं. शेजारच्या वाडीत उर्सुलाबाई फुलं तोडत होत्या. आई म्हणाल्या, 'ती ऐकेल.' मी म्हटलं, 'ऐकू दे.' मग त्यांनी डोळे मिटले आणि गायल्या. उर्सुलाबाई फुलांची परडी घेऊन कुंपणापाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. गाणं संपल्यावर क्रुसाची खूण केली त्यांनी. आई कोयता टाकून खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. मला आधी वाटलं, कौतुकाचं रडणं आहे. तसं नव्हतं ते. तिथेच, केळीच्या बुंध्याला टेकून, त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकल्यापासून मी हे पत्र मनात लिहितेय. सरांना मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि सांगितलं की मी गाणार नाही, मी दुसऱ्या रांगेतच उभी राहीन आणि आईंना शिकवीन. त्याचं मला आता काही वाटत नाही असं खोटं लिहीत नाही. वाटतं. पण ते माझं मी बघेन. आईंचं मात्र अजून होकाराला अडलंय, आणि तिथे माझा इलाज चालत नाही.

तो इलाज तुझ्याकडे आहे. तू दुसरीत होतास, देवेश. शाळेच्या संमेलनात बाईंनी ऐनवेळी मुलांच्या आयांना मंचावर बोलावलं, काहीतरी गा म्हणून. आईंचं माहेर चांदीपचं. लग्नाआधी भातलावणीच्या दिवसांत शेतात त्यांचा आवाज सगळ्यात आधी उठायचा. त्या हौसेने गायल्या. मुलं हसली. 'देवेशच्या आईच्या पोटात बाप्या बसलाय' असं कोणीतरी ओरडलं, आणि सगळी शाळा हसली. तू पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडलास. घरी येताना तू त्यांचा हात धरून म्हणालास, 'आई, तू शाळेत येत जा, पण बोलू नको हं. तुझा आवाज कोणाला ऐकू देऊ नको.' त्या म्हणाल्या, 'नाय देनार.' तुला हे आठवत नसणार, मला माहीत आहे. सात वर्षांच्या मुलाची काय चूक? त्याही तेच म्हणतात. 'आधी शाळेपुरतंच बारीक बोलायचे, मग तीच सवय झाली,' एवढंच म्हणतात, आणि वर मला बजावलं की देवेशला यातलं काही सांगू नको, उगाच मनाला लावून घेईल. मी त्यांना शब्द दिला नाही. दिलेले शब्द या घरात फार पाळले जातात. तुझी शाळा संपली, कॉलेज संपलं, तू समुद्रापार गेलास, आणि तो शब्द त्यांच्याकडून परत घ्यायचं राहूनच गेलं. म्हणून लिहिलं हे सगळं. कंपनीने फेब्रुवारीपर्यंत थांबायला सांगितलंय आणि तू हो म्हणणार आहेस, ते म्हणू नकोस. डिसेंबरात घरी ये. फोनवर माफी मागू नकोस, त्या घाबरतील आणि पुन्हा गप्प होतील. फक्त 'पहिल्या कार्यक्रमाला मी पुढच्या रांगेत बसणार आहे, आई' एवढं सांग, मग त्या सरांना हो म्हणतील. त्या पडद्याशिवाय येऊन उभ्या राहिल्या की आधी तुझा चेहरा शोधतील, देवेश. आवाज निघाल्यावर आजूबाजूचे दचकतील, एखादा हसेलसुद्धा. त्या वेळी तू खाली बघू नकोस.

तुझीच,
मेघना